पावसाळी मुलखातले निवडुंग

निवडुंग म्हटला की डोळ्यांपुढे येतं ते वाळवंट. डहाणू तालुक्यातल्या सरावलीत मात्र वाळवंटाचं नाव काढायची सोय नाही. या किनारपट्टीवर वर्षाकाठी २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत. बाकीचे महिने समुद्रावरून येणारी खारी, दमट हवा. चिकूला ही हवा मानवते. निवडुंगाला मानवते का? काहींना उत्तम मानवते आणि काहींचा तीच जीव घेते. फुलांचं सगळं गणित या फरकात आहे.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. बांधावर कुंपणाला लावलेला शेर आणि जाड काटेरी थोर यांना आपण सर्रास निवडुंगात धरतो. वनस्पतिशास्त्र धरत नाही. ते एरंडाच्या कुळातले. फांदी मोडली की पांढरा चीक गळतो. खऱ्या कॅक्टसच्या अंगावर जागोजाग लव असलेले बारीक ठिपके असतात आणि काटे, कळ्या, फुटवे त्या ठिपक्यांतूनच निघतात. दीड हजारांहून अधिक जातींचं हे कुळ जवळपास सगळंच्या सगळं अमेरिका खंडातलं. आपल्याकडचे कॅक्टस जहाजांतून आले.

त्यांतला सर्वांत जुना पाहुणा फड्या निवडुंग. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत तो कोणी न लावता वाढतो. पिवळंजर्द फूल भर उन्हात उघडतं. आतल्या पुंकेसरांना बोट लावून पाहा, ते हळूच आत मिटतात. अंगावर चढलेल्या मधमाशीला परागाने माखण्याची ही युक्ती. पुढे धरणाऱ्या लालभडक बोंडांवरची कुसं घासून काढल्याशिवाय ती तोंडात घालू नयेत.

या फड्यामागे ईस्ट इंडिया कंपनीचा एक फसलेला धंदा आहे. कोचिनील नावाच्या किड्यापासून किरमिजी रंग मिळतो आणि हा किडा फड्या निवडुंगावर पोसतो. तो रंग हिंदुस्थानात पिकवावा म्हणून १७९५ मध्ये ब्राझीलहून किडे आणले. आले ते भलत्याच जातीचे, हलका रंग देणारे. रंगाचा धंदा बुडाला, पण किड्यांनी फड्याच्या एका जातीची रानंच्या रानं फस्त केली. पुढे हेच किडे मुद्दाम दक्षिणेत नेऊन सोडले. किड्याकरवी तण मारण्याचं जगातलं हे पहिलं उदाहरण मानतात. १९२६ मध्ये किनाऱ्यावरच्या फड्यासाठी दुसऱ्या जातीचा किडा श्रीलंकेतून आणावा लागला.

पण सरावलीसारख्या गावाचा खरा फुलणारा कॅक्टस म्हणजे ओसरीवरचं ब्रह्मकमळ. हिमालयातलं, उत्तराखंडाचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ वेगळं. आपण कुंडीत लावतो ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, जंगलातल्या झाडांच्या खाचांत, पालापाचोळ्याच्या कुजीवर वाढणारं. त्याला दाट सावली नको, कडक ऊनही नको. दमट हवा हवी. आपण ज्यांना पानं म्हणतो त्या चपट्या फांद्या आहेत, आणि कळ्या त्यांच्या कडेच्या खाचांतून फुटतात. पावसाळ्यात कळी लोंबू लागते. फुलायच्या दिवशी संध्याकाळी तिची मान वर वळते, रात्री आठ-नऊच्या सुमारास पाकळ्या सुटू लागतात आणि मध्यरात्रीपर्यंत वासाने पडवी भरते. हा थाट रातपतंगांसाठी. उजाडेपर्यंत फूल मलूल. शेजाऱ्यांना बोलावून पूजा करण्याची आपली पद्धत मला आवडते. रात्रीच्या फुलाचा याहून चांगला पाहुणचार कुठला?

मग रोपवाटिकेतून हौसेने आणलेले गोलमटोल कॅक्टस का फुलत नाहीत? बहुतेक कॅक्टस दिवसा आपली रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, म्हणजे पाणी वाचतं. या उद्योगाला रात्र गार लागते. अँडीज पर्वतातल्या रेब्युशिया, लोबिव्हिया यांना तर कळी धरण्यासाठी कोरडा, चांगलाच थंड हिवाळा हवा. डहाणूकडे जानेवारीतही रात्रीचा पारा सरासरी १७ अंशांच्या आसपास. ही झाडं इथे हिरवी राहतील, फुलतील असं सांगवत नाही. बाजारात लाल-पिवळ्या टोपीचा कलमी कॅक्टस मिळतो. ती टोपी फूल नव्हे; हरितद्रव्य नसलेला दुसरा कॅक्टस खुंटावर बांधलेला असतो. काही ठिकाणी तर वाळकी फुलं डिंकाने चिकटवून विकतात. पाकळ्या कागदासारख्या कुरकुरीत लागल्या की पुढच्या कुंडीकडे वळावं.

इथे लावायचेच तर मेलोकॅक्टस लावा. कॅरिबियन बेटं आणि ब्राझीलच्या उष्ण मुलखातला हा गडी थंडी मागत नाही. वयात आला की डोक्यावर लालसर लोकरीची टोपी येते आणि तिच्यातून इवली गुलाबी फुलं डोकावतात. ड्रॅगनफ्रूटही कॅक्टसच, रात्री फुलणारं. सांगली-सोलापूरच्या कोरड्या भागात त्याच्या बागा उभ्या राहिल्या. शेजारच्या गुजरातने २०२१ मध्ये त्याला ‘कमलम’ नाव दिलं. आपल्याकडे ते उंच गादीवाफ्यावरच लावावं, नाहीतर श्रावणात मुळं कुजतात.

कॅक्टस आपल्याकडे उन्हाने क्वचित मरतो. मरतो तो साचलेल्या पाण्याने. कुंडीत निम्मी जाडसर रेती आणि विटांचा चुरा, थोडं जुनं शेणखत, थोडा कोळसा, मूठभर निंबोळी पेंड, एवढ्यावर भागतं. गोल कॅक्टस जूनआधी पत्र्याखाली, वारा खेळेल असे ठेवा. काट्यांच्या बुडाशी कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. ब्रह्मकमळ मात्र विकत घेऊ नका, शेजारून एक फांदी मागा, कापलेला भाग दोन-तीन दिवस सुकू द्या आणि मग लावा. आणि पाऊस सरला की गोल कॅक्टसचं पाणी कमी करा आणि माघ संपेपर्यंत हात आखडताच ठेवा.