ना कोळंबी, ना खेकडा!

रोह्याचं नाव निघालं की रेल्वेवेड्या दोस्तांना लगेच आठवतं, कोकण रेल्वे इथूनच सुरू होते! पुढे दक्षिणेकडे जाताना ती नव्वदच्या वर बोगद्यांतून धावते. त्यातला सगळ्यांत लांब, रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा, तब्बल साडेसहा किलोमीटरचा. तो खणायला सुरुंग लागले, यंत्रं लागली, शेकडो माणसं लागली. आज मात्र आपण ज्या बोगदेवाल्याची ओळख करून घेणार आहोत तो आहे तुमच्या बोटाएवढा. त्याच्याकडे ना कुदळ, ना घमेलं. जे काही आहे ते त्याच्या दहा पायांत!

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका नदी पुढे खाडी होते आणि रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. एकदा ओहोटीच्या वेळी एका ओळखीच्या कोळीकाकांबरोबर मी या खाडीच्या काठानं हिंडत होतो. जिकडे पाहावं तिकडे चिखलाला भोकं. मी वाकून एका बिळाशी हात नेला तर काका ओरडले, “हात नको घालू! आत चिंबोरी असली तर बोट सोडायची नाय!” मी हात झटकन मागे घेतला. त्या दिवशी पाहिलेली बहुतेक बिळं खेकड्यांची आणि निवट्यांची होती. पण खाडीच्या आणि समुद्राच्या काठी कधी कधी वेगळंच काही दिसतं. ओल्या वाळूचा किंवा रेतीमिश्रित चिखलाचा वीतभरही नसलेला ढीग आणि त्याच्या डोक्यावर बारीक भोक. अगदी भूगोलाच्या पुस्तकातल्या ज्वालामुखीसारखा! मधूनच त्या भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी उडते. खाली कुणीतरी खणत असतं आणि नको असलेली माती वर फेकत असतं.

हाच तो बोगदेवाला. इंग्रजीत त्याला ‘घोस्ट श्रिम्प’ म्हणतात, म्हणजे भूत-कोळंबी. भूत का? एक तर ती फिकट, जवळजवळ पारदर्शक असते. पाठीच्या पातळ कातडीतून आतले अवयव दिसतात. मादीच्या पोटात अंडी तयार होत असली तर तो नारिंगी पट्टाही बाहेरून दिसतो. आणि दुसरं म्हणजे ती दिसतच नाही! जवळजवळ सगळं आयुष्य जमिनीखाली काढते.

आता तिचं शरीर जरा नीट पाहू, कारण सगळी गंमत तिथंच आहे.

बाजारातल्या कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो, सोलताना तो हमखास बोटाला लागतो. भूत-कोळंबीला तसा काटा जवळजवळ नसतोच. अरुंद बोगद्यात तो अडकलाच असता! डोळेही चिमुकले. अंधारात मोठे डोळे घेऊन करायचं काय? पोटाचा भाग लांब आणि मऊ. बोगद्यात वळायला जागा नसते, तेव्हा ती स्वतःला मधोमध दुमडते आणि कोलांटी मारून उलट दिशेला तोंड करते. कडक कवचाच्या प्राण्याला हे जमायचं नाही.

पायांच्या पाच जोड्या. पहिल्या जोडीला नांग्या, पण दोन्ही सारख्या नाहीत. एक नांगी अवाढव्य, दुसरी किरकोळ. नरात तर मोठी नांगी इतकी मोठी की ती दुसऱ्याच कुणाची उसनी आणलीय असं वाटावं! कुणाची उजवी मोठी, कुणाची डावी. ही नांगी मुख्यतः भांडणासाठी. दुसऱ्या जोडीला लहान चिमटे, ते माती उकरायला. तिसऱ्या जोडीच्या टोकाजवळचा भाग चपटा आणि रुंद, गवंड्याच्या थापीसारखा, आणि काम अगदी तेच: बोगद्याच्या भिंती लिंपायच्या. पाचवी जोडी बारीक, ती कल्ले साफ करायला. तोंडापाशीही पायांसारखे अवयव असतात, त्यांची टोपली करून माती वाहून न्यायची. मग घमेल्याची गरजच काय!

पण मला सगळ्यांत आवडतात ते पोटाखालचे पाय. त्यांतल्या शेवटच्या तीन जोड्या पानांसारख्या रुंद असतात. त्या एका तालात हलू लागल्या की बोगद्यातून पाणी वाहू लागतं. म्हणजे हा घरातला पंखाच. त्यानं ताजं पाणी आणि प्राणवायू आत येतो आणि जिथं एरवी काळा, वास मारणारा चिखल असतो तिथंही हवा पोचते. काही जातींचे बोगदे मीटरभराहूनही खोल जातात. शास्त्रज्ञ बिळात पातळ राळ ओततात, ती घट्ट झाली की बाजूचा चिखल धुऊन काढतात. मग हातात येतो फांद्या फुटलेल्या झाडासारखा बोगद्याचा साचा.

आता प्रश्न असा, की ही बया आहे तरी कोण? कोळंबी? खेकडा? शेवंड?

हा घोळ जुना आहे. १८०८ साली जॉर्ज माँटेग्यू यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर सापडलेल्या भूत-कोळंबीला नाव दिलं ‘कॅन्सर अस्टाकस सबटेरेनियस’. कॅन्सर म्हणजे खेकडा, अस्टाकस म्हणजे शेवंडीसारखा नांगीवाला प्राणी आणि सबटेरेनियस म्हणजे जमिनीखालचा. थोडक्यात, एकाच नावात खेकडाही आणि शेवंडही! १८१४ मध्ये लीच यांनी तिला स्वतंत्र नाव दिलं, ‘कॅलिअ‍ॅनॅसा’. ग्रीक पुराणकथांतल्या एका जलपरीचं हे नाव. चिखलात लोळणाऱ्या प्राण्याला जलपरीचं नाव! असो.

हिच्यासारखाच, पण बराच मोठा, जाड कवचाचा एक प्राणी खारफुटीच्या चिखलात राहतो. तो रात्री चिखल उपसून मोठमोठे ढिगारे रचतो. त्याचं नाव ‘थॅलॅसिना अ‍ॅनोमला’, आणि अ‍ॅनोमला म्हणजे नियमात न बसणारी. १८०४ मध्ये हर्ब्स्ट यांनीही बिचाऱ्याला असंच हात टेकून नाव दिलेलं दिसतं.

आपल्या महाराष्ट्रात या मंडळींचा नीट शोध घेतला तो के. एन. संकोल्ली या शास्त्रज्ञांनी. मुंबईच्या पाण्यात थॅलॅसिना सापडते आणि ती बीळ कसं खणते, हे त्यांनी १९६३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. १९७१ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी महाराष्ट्रातल्या अशा सगळ्या चिखलवासीयांवर लेख लिहिला. त्याच वर्षी त्यांनी भूत-कोळंबीच्या एका नव्या जातीला ‘केवलरमानी’ असं नाव दिलं. पुढे या जातीची पिल्लं प्रयोगशाळेत वाढवूनही पाहिली. पिल्लं आईसारखी मुळीच दिसत नाहीत बरं का! ती पाण्यात तरंगतात आणि मोठी झाल्यावर तळाशी जाऊन खणायला लागतात.

त्या काळी भूत-कोळंबी आणि थॅलॅसिना एकाच गटात मोजल्या जात. दोघी बिळात राहतात, दोघींचं पोट लांब, दोघींच्या पाठीच्या कवचावर दोन्ही बाजूंना शिवणीसारखी रेघ. मग सख्ख्या बहिणीच असणार, नाही का? पण १९७९ मध्ये फ्रान्सच्या मिशेल द सँ लोराँ यांनी सांगितलं, की हे एक घराणं नाही, दोन आहेत. पुढे डीएनएच्या अभ्यासानंही तेच दाखवलं. आता भूत-कोळंबी ‘अ‍ॅक्सिइडिया’ गटात आणि थॅलॅसिना ‘गेबिइडिया’ गटात. बिळातल्या सारख्या राहणीमुळे दोघी सारख्या दिसू लागल्या. देवमासा नाही का माशासारखा दिसत!

दोघींतला फरक तुम्हीही ओळखू शकता. पायांची दुसरी जोडी पाहायची. तिथं पूर्ण चिमटा असला तर भूत-कोळंबीचं घराणं, नसला तर थॅलॅसिनाचं.

हे मोजून करायचं काय, असं तुम्ही विचाराल. रोहा, पेण, अलिबागकडच्या खारजमिनीत शेती करणाऱ्या घरातल्या मुलांना मात्र हे विचारावं लागणार नाही. तिथं खाडीचं पाणी अडवायला मातीचे बांध असतात. बिळं करणारे प्राणी बांध पोखरतात, मग मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडते आणि खारं पाणी भातात शिरतं. तिथं बीळ कुणाचं, किती खोल, सरळ की फांद्यांचं, याला किंमत असते. आणि हेच खणणं बांधाच्या पलीकडे, खारफुटीत झालं तर त्याच चिखलात हवा खेळते.

पाय मोजायचा सराव मासळीबाजारात करता येतो. समुद्रातली नेहमीची कोळंबी घ्या, पुढच्या तीन जोड्यांना बारीक चिमटे दिसतील. नदीतल्या मोठ्या कोळंबीत पहिल्या दोन जोड्यांना, आणि लांबलचक हात दुसऱ्या जोडीचे. चिंबोरीला फक्त पहिल्या जोडीला नांग्या. काटेरी शेवंडीच्या पुढच्या पायांना एकही नांगी नाही! मी एकदा भिंग घेऊन हा उद्योग करत बसलो होतो. कोळीणमावशी बराच वेळ पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, “घ्यायची हाय का नुसतीच मोजायची?” मग अर्धा किलो घ्यावीच लागली.