पट्टा कुणाचा, गदा कुणाची

2014 ते 2016 या तीन वर्षांत खानदेशातल्या कुस्तीशौकिनांनी दोन आखाडे एकाच वेळी पाहिले. एक टीव्हीवरचा, डब्ल्यूडब्ल्यूईचा. दुसरा महाराष्ट्र केसरीचा, ज्यात चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी उतरत होता. दोन्हीकडे कोण जिंकणार याचा अंदाज धुळ्या-जळगावच्या पोराटोरांनाही आधीच असायचा. ‘हाऊच जिकी’, म्हणजे हाच जिंकणार, हे दोन्हीकडे ऐकू यायचं. पण टीव्हीपुढे ते वैतागून म्हटलं जायचं आणि केसरीच्या वेळी छाती फुगवून.

टीव्हीवरची कुस्ती ठरवलेली असते, हे तेव्हा गुपित उरलं नव्हतं. ही स्पर्धा नसून करमणूक आहे, असं 1989 साली कंपनीनेच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे मान्य केलं होतं. शाळेच्या मधल्या सुट्टीत पहिलवानांची ट्रम्प कार्डं खेळलेली आमची पिढीही ते जाणून होती. तमाशाच्या वगात शेवटी काय होणार हे ठाऊक असूनही लोक पहाटेपर्यंत बसतातच की! तक्रार ठरवण्याबद्दल नव्हती, रचणाऱ्याच्या आळसाबद्दल होती.

जानेवारी 2014 मधली रॉयल रम्बल आठवा. लोकांना डॅनियल ब्रायन हवा होता. तिसावा, म्हणजे शेवटचा गडी म्हणून रे मिस्टेरिओ आला आणि एरवी सगळ्यांचा लाडका असलेल्या त्या पहिलवानाचीच पिट्सबर्गच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्याचा गुन्हा एवढाच की तो ब्रायन नव्हता. बटिस्टा जिंकला, त्याच्याही वाट्याला तेच आलं. शेवटी कंपनीला माघार घ्यावी लागली. 6 एप्रिलला रेसलमेनियात ब्रायनने आधी ट्रिपल एचला आणि मग त्याच रात्री ऑर्टन-बटिस्टा या दोघांना पुरून उरत किताब घेतला. प्रेक्षकांनी गोष्ट बदलायला लावली, असं इतकं उघडपणे क्वचितच घडलं असेल.

आणि वर्षभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. 2015 ची रम्बल रोमन रेन्सला दिली. त्याचा हात उंचावायला खुद्द रॉकला आणलं, तरी फिलाडेल्फियाचे लोक ओरडतच राहिले. 2015 ते 2018 अशी सलग चार वर्षं रेसलमेनियाची शेवटची कुस्ती रेन्सचीच होती. रेन्स वाईट पहिलवान होता असं मी म्हणणार नाही. पण समोरच्याला जिंकायची वाटच ठेवली नाही, तर जिंकणाऱ्याचंही मोल उरत नाही.

आता त्याच वर्षांतली केसरी पाहा. 2011 ते 2013 नरसिंग यादव सलग तीनदा जिंकला. मग विजय चौधरीने 2014 ला अहमदनगरात सचिन येलभरला, 2015 च्या नागपूरच्या स्पर्धेत विक्रांत जाधवला आणि 2016 ला पुण्यातल्या वारज्यात अभिजित कटकेला हरवलं. सहा वर्षांत दोनच केसरी! कागदावर पाहिलं तर यापेक्षा ठरीव काही असू शकत नाही. तरी वारज्याच्या त्या कुस्तीला चाळीसगावात कुणी जागचं हललं नाही. माती आणि गादी, दोन्ही विभागांचे विजेते शेवटी भिडतात आणि एक डाव चुकला की पाठ लागते. कटके किती तयारीचा होता हे पुढच्याच वर्षी दिसलं. 2017 ला भूगावात चांदीची गदा त्याच्याच खांद्यावर होती.

त्याच 2017 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने आपल्यासाठी म्हणून एक विजेता घडवला, कॅनडातल्या कॅलगरीत जन्मलेला पंजाबी जिंदर महाल. मे महिन्यात त्याने ऑर्टनला हरवलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण पुढे दर महिन्याला तीच तऱ्हा. जिंदर हरायला आला की त्याचे साथीदार सिंग बंधू मध्ये पडणार, प्रतिस्पर्ध्याचं लक्ष उडणार आणि जिंदर वाचणार. जुलैत तर सुटकेसाठी थेट खलीलाच आणलं. एवढं करून भारत दौऱ्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरात मँचेस्टरला, पट्टा काढून घेतला. 9 डिसेंबरला दिल्लीत, आपल्या माणसांपुढे, जिंदर 48 वर्षांच्या ट्रिपल एचकडून हरला. भारतीय प्रेक्षकाला काय हवं हे कुणी विचारलंच नव्हतं. आडनाव आणि पगडी दिली की झालं, असा हिशोब होता. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे रेन्सने 1316 दिवस किताब राखला. 2023 ला कोडी ऱ्होड्स जिंकणार असं वाटत असताना रेन्सच्या भावकीतला सोलो सिकोआ मध्ये आला. एप्रिल 2024 ला कोडी जिंकला. तो निकाल तर सगळ्यांनाच ठाऊक होता, तरी लोक रडले, कारण त्या एका हरण्याची किंमत गोष्टीत मोजली गेली होती.

मला जास्त काळजी आता मातीतल्या कुस्तीची वाटते. जानेवारी 2023 ला कोथरूडमध्ये महेंद्र गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला दिलेल्या चार गुणांवरून सिकंदर शेखच्या चाहत्यांनी रान उठवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, फुलगावला सिकंदर आणि धाराशिवला शिवराज राक्षे. फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरात पाठ टेकलीच नाही, व्हिडिओ पाहा, असं म्हणत राक्षेने पंचाला लाथ मारली. अंतिम कुस्ती गायकवाडने अर्ध्यावर सोडली. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. गदा पृथ्वीराज मोहोळला मिळाली.

लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण जी शंका आम्ही टीव्हीपुढे बसून काढायचो, ती आता केसरीबद्दल चाळीसगावच्या चहाच्या टपरीवर निघते. ‘आधीच ठरलं होतं’ हे मी मानत नाही, त्याला काही पुरावा नाही. मात्र गावच्या दंगलीत वाद झाला की पंच सगळ्यांदेखत कुस्ती बरोबरीत सोडवतात, नाहीतर पुन्हा लावतात. राज्याच्या सर्वांत मोठ्या कुस्तीत पाठ टेकली की नाही, याचा व्हिडिओ मैदानातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवावा आणि मगच पंचाने पहिलवानाचा हात वर करावा. पुढच्या स्पर्धेआधी कुस्तीगीर परिषदेने एवढं तरी करावं.