मोटार जळण्याआधी : विहिरीवरच्या आणि नदीवरच्या मोटारींची तपासणी



या पानावर आपण बेणे, खते, हुमणी, पाचट यांविषयी वाचत असता. या खेपेस विषय मोटारीचा आहे, पण तो उसाबाहेरचा नाही. एप्रिल-मे महिन्यांत उसाला आठ-दहा दिवसांनी पाणी लागते. ऐन पाळीत मोटार जळाली तर ती काढणे, वायंडरकडे नंबर लावणे, भरून आणणे आणि परत बसवणे यात आठवडा सहज जातो. एक पाळी चुकली की कांड्या आखूड पडतात, आणि ती वाढ पुढे कितीही पाणी दिले तरी भरून येत नाही. माणूस दगावला तर काय होते, ते वेगळे सांगायला नको. कारखान्यात गळीत संपले की मिलच्या मोटारी उघडून तपासतात. आपल्या विहिरीवरची मोटार मात्र जळेपर्यंत कोणी उघडत नाही.

हात लावण्याआधी

स्टार्टरचे लाल बटण दाबले म्हणजे वीज बंद झाली असे नाही. स्टार्टरच्या वरच्या टोकांवर वीज असतेच. मेन स्विच पाडावा, फ्यूज काढून खिशात ठेवावेत, म्हणजे दुसरा कोणी येऊन चालू करणार नाही. मग टेस्टर आधी चालू जागी लावून तो पेटतो का पाहावे, आणि नंतर तिन्ही फेज एकेक करून तपासावेत. "लाईट गेलीय" म्हणून हात घालणारे फसतात ते इथेच. एक फेज गेला तरी उरलेले दोन जिवंत असतात. कपॅसिटर बसवला असेल तर वीज तोडल्यावरही त्यात भार राहतो, म्हणून पाच मिनिटे थांबावे. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून पेटी उघडू नये. आतले काम जाणत्या, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. डीपीवरचे फ्यूज हे तर फक्त लाईनमनचे काम आहे.

मोटार का जळते?

बहुतेकांचे उत्तर एकच असते : "होल्टेज कमी होतं." ते काही वेळा खरे असते. पण चालत्या मोटारीचा एक फेज गेला तर ती थांबत नाही, उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोन पट करंट ओढत राहते. बंद मोटार अशा वेळी सुरू होत नाही, नुसती गुणगुणते. वायंडरकडे जळालेली मोटार उघडताना जरूर उभे राहावे. स्टार जोडणीत तीनपैकी दोन फेजची गुंडाळी काळी आणि एक लखलखीत, किंवा डेल्टा जोडणीत एकच काळी दिसली, तर दोष फेज जाण्याचा आहे. सगळीच सारखी काळी असेल तर जादा भार, कमी दाब किंवा अडकलेला पंप यांपैकी काही आहे.

यावर उपाय दोन. पहिला, सिंगल फेज प्रिव्हेंटर. दुसरा, ओव्हरलोड रीले नीट लावणे. मोटारीच्या पाटीवर अँपिअर लिहिलेले असतात. ४१५ व्होल्टच्या ५ एचपी मोटारीला साधारण ७ ते ७.५ अँपिअर लागतात. साध्या डीओएल स्टार्टरचा रीले पाटीवरच्या आकड्यावर ठेवावा. स्टार-डेल्टामध्ये रीले बहुधा वायंडिंगच्या वाटेवर असतो, तिथे तो आकड्याच्या ५८ टक्क्यांवर ठेवतात. म्हणजे १४ अँपिअरच्या मोटारीला सुमारे ८. रीले वारंवार पडतो म्हणून काडी अडकवणारे किंवा काटा शेवटापर्यंत फिरवणारे सभासद आहेत. रीले पडतो तो तक्रार सांगायला. त्याचे तोंड बांधले तर पुढची तक्रार वायंडिंगच सांगते. फ्यूजमध्ये तांब्याच्या चार तारा पिळून घालणे हाही तोच प्रकार.

वर्षातून दोनदा

पावसाळा सरल्यावर एकदा आणि फेब्रुवारीअखेर एकदा, वीज तोडून पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. मोटार तारांपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने वायंडिंग ते बॉडी तपासून घ्यावी. आकडा १ मेगओमपेक्षा कमी आला तर चालू करू नये. आकडा वहीत लिहून ठेवावा. दरवेळी तो उतरत गेला तर ओल शिरते आहे असे समजावे.

२. तारांची टोके घट्ट आहेत का पाहावे. सैल टोक तापते, काळे पडते आणि तिथूनच फेज जातो. पेटीत पाली, मुंग्या, गांधीलमाशीचे घर असेल तर साफ करावे.

३. मोटारीच्या पंख्याच्या जाळीत पाचट, धूळ अडकली असेल तर काढावी. वारा अडला की मोटार तापते.

४. बेअरिंगला ग्रीस जागेच्या निम्म्यापर्यंतच भरावे. ठासून भरले तर बेअरिंग उलट तापते. बंद प्रकारच्या बेअरिंगला ग्रीस लागत नाही.

५. कपलिंगवर किंवा पट्ट्यावर झाकण हवेच. धोतर, टॉवेल किंवा पदर ओढला जायला क्षण पुरतो.

६. मोटारीच्या आणि स्टार्टरच्या बॉडीला अर्थिंगच्या दोन स्वतंत्र तारा असाव्यात. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालावे.

ऑटो स्विचविषयी

याबाबत शिवारात वाद होतो. रात्री-अपरात्री वीज येते, वाटेत साप-विंचू, काही भागांत बिबट्या. अशा वेळी विहिरीवर जायला नको म्हणून सभासद ऑटो स्विच किंवा मोबाईलवरचा स्टार्टर बसवतात. त्यांची अडचण खोटी नाही. पण अशी मोटार वीज आली की सांगून सुरू होत नाही. फुटव्हॉल्व्ह काढायला विहिरीत उतरलेला किंवा कपलिंगवर हात असलेला माणूस तिला दिसत नाही. म्हणून ऑटो असेल तिथे मेन पाडून फ्यूज काढल्याशिवाय कोणी पंपाला हात लावू नये. पेटीवर "मोटार आपोआप सुरू होते" असे ठळक रंगवावे. घरातल्या पोरांना आणि पाणक्यालाही हे सांगून ठेवावे.

पुरात बुडालेली मोटार

२००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या कितीतरी मोटारी पाण्याखाली गेल्या. पाणी उतरले की घाईने बटण दाबू नये. मोटार आणि स्टार्टर दोन्ही उघडून गाळ धुवावा, वायंडिंग पूर्ण वाळवावे, बेअरिंग बदलावे, मेगरचा आकडा बघावा, आणि मगच जोडावे. न जळालेली मोटार या एका घाईने जळते.

शॉक लागला तर

चिकटलेल्या माणसाला हाताने धरू नये. आधी मेन पाडावा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून वेगळे करावे. श्वास थांबला असेल तर छाती दाबणे ताबडतोब सुरू करावे आणि १०८ ला फोन लावावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच. हृदयाचा त्रास मागाहूनही होऊ शकतो.

मेगर लावून घ्यायला वायरमनचा अर्धा तास जातो. मोटार भरायला गेली तर पाण्याची पाळी जाते, आणि चुकीने हात लागला तर घरचा माणूस जातो. सभासदांनी फेब्रुवारीची वाट न पाहता आपल्या मोटारीच्या पाटीवरचे अँपिअर आणि रीलेचा काटा एवढे तरी या आठवड्यात ताडून पाहावे.

– ऊस विकास अधिकारी