मेहरम आणि हजची वाट

शहाडच्या पुढे कल्याण, आणि कल्याणची खाडी ओलांडली की भिवंडी. एवढ्याशा पट्ट्यात मुसलमानांचे दोन समाज शेजारीशेजारी नांदतात. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, तर उत्तरेकडून १८५७नंतर येत गेलेले मोमीन विणकर हनफी पंथाचे. एरवी हा फरक बाहेरच्याच्या लक्षातही येत नाही. पण एखाद्या विधवा बाईने हजला जायचं ठरवलं आणि सोबतीला मुलगा, भाऊ, भाचा कुणीच नसला, की दोन घरांत दोन उत्तरं मिळतात. नवरा किंवा ज्याच्याशी लग्न निषिद्ध आहे असा नातलग, म्हणजे मेहरम, बरोबर नसेल तर तिने निघू नये, असं हनफी परंपरा सांगते. शाफई परंपरेनुसार विश्वासू बायकांची सोबत असली तर आयुष्यात एकदाच्या फर्ज, म्हणजे बंधनकारक, हजला ती जाऊ शकते. इमाम शाफई इ.स. ८२०मध्ये वारले. म्हणजे हा मतभेद बाराशे वर्षांचा आहे, आणि २०१८च्या भारतीय हज धोरणाने मेहरमविना जायची मुभा दिली तेव्हा ‘धर्मात नवीन काहीतरी घुसवलं’ अशी जी ओरड झाली, तिच्या आधी हे लक्षात घ्यायला हवं होतं. पंचेचाळिशीच्या वरच्या, किमान चौघींच्या गटाने जाणाऱ्या, आणि ज्यांचा पंथ परवानगी देतो अशाच बायकांसाठी ती मुभा होती.

मुळात कुरआनात काय आहे? तिसऱ्या सुरेच्या सत्त्याण्णवाव्या आयतीत हजची जबाबदारी माणसांवर टाकली आहे, ज्यांना तिथवर पोचण्याची ऐपत आहे अशांवर. बाई-पुरुष असा भेद तिथे केलेला नाही. त्याच आयतीत, काबागृहाच्या आवारात जो शिरला तो सुरक्षित, असंही आश्वासन आहे. ऐपत आणि अभय एकाच आयतीत आले आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. ऐपतीत पैसा, प्रकृती यांच्याबरोबर वाटेची सुरक्षितताही येते, हे जुन्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, मान्य केलेलंच आहे. आणि वाट बदलत असते. १९९५पर्यंत मुंबईहून जेद्दाला बोटी जात. यलमलम या ठरलेल्या ठिकाणासमोर आलं की बोटीवर एहराम, म्हणजे यात्रेचा वेष, बांधला जाई. आता मुंबईहून विमानात चढण्यापूर्वीच तो बांधतात. याला कुणी धर्मबाह्य म्हणत नाही.

हदीसचं काय, असा आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. बाईने मेहरमविना प्रवास करू नये असं सांगणाऱ्या हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहेत. पण कुठे तीन दिवसांचा प्रवास म्हटलाय, कुठे एका दिवस-रात्रीचा. अंतराचा हिशेब करणारा नियम धोक्याचा हिशेब करतो, असं मानायला जागा आहे. शिवाय बुखारीतच अदी बिन हातिमची हदीस आहे: हीरा नगरातून एकटी बाई काबागृहापर्यंत येईल आणि तिला अल्लाहखेरीज कुणाची भीती नसेल, असं पैगंबरांनी त्याला सांगितलं होतं. हे नुसतं भाकीत आहे, परवानगी नव्हे, असं हनफी विद्वान म्हणतात. मात्र त्या भाकितात शांततेची खूण म्हणून एकटी बाईच निवडली गेली, याला काही अर्थ नसेल का?

‘आज मेहरम सोडला, उद्या तवाफ सोडतील’ ही भीती मला पटत नाही. तवाफ म्हणजे काबागृहाभोवतीच्या प्रदक्षिणा, अरफातचा मुक्काम, सफा-मरवा टेकड्यांमधल्या फेऱ्या हे विधी आहेत. सोबत कोण, वाहन कोणतं, ही साधनं आहेत. शिवाय सफा-मरवाची धाव परंपरेनुसार मुळात हाजराची, निर्जन खोऱ्यात तान्ह्या बाळासह राहिलेल्या बाईची.

सौदी अरेबियाच्या हजमंत्र्यांनी २०२२मध्ये मेहरमची अट जगभरच्या बायकांसाठी उरलेली नाही असं जाहीर केलं. भारतातून २०१८मध्ये हजारावर बायका अशा गेल्या. २०२३मध्ये चार हजारांवर. पंचेचाळीस वर्षांचा आकडा मात्र ना शाफईंच्या फिकहात, म्हणजे धर्मशास्त्रात, सापडतो, ना हनफींच्या. तो सौदीच्या जुन्या व्हिसा नियमातून आला. धोरणावर टीका करायचीच तर पंचेचाळिशीच्या आतल्या कोकणी बाईला, तिचा पंथ मोकळीक देत असताना, कोणत्या आधारावर अडवलं, हे विचारायला हवं.