पिकअपच्या इंजिनाची वंशावळ

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजाराला आता बैल चालत येत नाहीत, पिकअपमधून येतात. बैल घेणारा शेतकरी दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो आणि मगच किमतीचे बोलतो. हाच शेतकरी जुनी पिकअप घेताना मात्र रंग, टायर आणि कागदपत्रे बघून व्यवहार उरकतो. आत कोणते इंजिन आहे, त्याचा पंप कोणता, नोझल कोणते, हे त्याला पहिल्यांदा कळते ते गाडी बंद पडल्यावर, दुकानदाराने विचारल्यावर.

जुन्नरच्या या पूर्व पट्ट्याचे पोट पिकअपवर चालते. कांदा आळेफाट्याला जातो, टोमॅटो नारायणगावला. भाजी माळशेज घाट उतरून कल्याण आणि वाशी गाठते. पूर्वेला आण्याचा घाट चढला की नगरचा रस्ता, दक्षिणेला बेल्हे-जेजुरी मार्गाने लोणी-धामणी, पाबळ, शिक्रापूर. चढ, उतार, धूळ आणि क्षमतेपेक्षा जास्त भरलेला माल यांत गाडीची पंधरा वर्षे भराभर निघून जातात. तरीही लोक ती विकत नाहीत, कारण नव्या गाडीचा हप्ता कांद्याच्या भावावर सोडता येत नाही.

पुणे जिल्ह्याचे लहान मालवाहू गाड्यांशी नाते जुने आहे. बजाज टेम्पो 1958 साली स्थापन झाली आणि आकुर्डीच्या या कंपनीचे ‘टेम्पो’ हे नाव मराठीत अशा प्रत्येकच गाडीला चिकटले. मर्सिडीजचे ओएम 616 हे डिझेल इंजिन परवाना घेऊन याच कंपनीने इथे बनवले. टाटांची 407 आली 1986 मध्ये, टाटामोबाईल 1988 मध्ये आणि छोटा हत्ती, म्हणजे एस, 2005 मध्ये. पण बेल्हे-आळेफाटा भागात गॅरेजवाल्यांच्या हाताखालून सर्वांत जास्त गेली असेल ती महिंद्राची पिकअप, आणि तिच्या इंजिनाची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे.

महिंद्राने 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली. इंग्लंडात ब्रॅडफर्डला तयार होणारा बी-275 हा ट्रॅक्टर त्यातून भारतात आला. त्याच्या डिझेल इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 3⅜ इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, 4 इंच. चार सिलिंडरांचे मिळून साधारण 2,350 सीसी होतात. जुन्या जीपगाड्यांतले एमडी 2350 ते हेच. पुढे बोअर वाढून साडेतीन इंच झाला, स्ट्रोक तोच राहिला. बोलेरो आणि पिकअपच्या डीआय इंजिनाच्या तपशिलात 88.9 मिलिमीटर बोअर आणि 101.6 मिलिमीटर स्ट्रोक असे विचित्र वाटणारे आकडे दिसतात, ते म्हणजे साडेतीन इंच आणि चार इंच. हिशेब केला की 2,523 सीसी येतात. टोमॅटोचे क्रेट ओढणारे इंजिन नांगर ओढणाऱ्या घराण्यातले आहे. कमी फेऱ्यांवर मिळणारी त्याची ताकद आणि मार खाण्याची तयारी तिथूनच आली.

दुसरे घराणे फ्रेंच. 1979 मध्ये महिंद्राने पेजोशी करार केला आणि इगतपुरीत एक्सडीपी 4.90 हे इंजिन बनू लागले. चार सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन जुन्या महिंद्रा गाड्यांत हेड, पिस्टन, पंप सगळे वेगळे निघते ते यामुळे. म्हणून दुकानात मॉडेलचे नाव सांगून भागत नाही, इंजिनाचे नाव सांगावे लागते.

घराणे एक म्हणून पिस्टनही एक, असेही समजू नये. ट्रॅक्टरच्या त्या जुन्या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या लहान कप्प्यात पेटते. डीआयमध्ये ते थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात फवारले जाते. बोअर जुळला तरी पिस्टनचे डोके, नोझलचा फवारा आणि दाब जुळत नाहीत. टर्बोच्या गाडीत बिगरटर्बोचा पिस्टन घालून पैसे वाचवणारे त्याच्या दुप्पट पैसे नंतर घालवतात.

या इंजिनांचा मोठा गुण असा की ती दुखणे लपवत नाहीत. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर काढून बघावा, या धुळीत दोष बहुधा तिथेच असतो, त्यानंतर नोझल. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. ऑईलचे झाकण उघडल्यावर आतून जोराची वाफ मारत असेल, तर रिंगा आणि लायनर संपत आले आहेत. सकाळी सेल्फ बराच वेळ फिरवावा लागतो पण एकदा सुरू झाली की गाडी ठीक चालते, याचे कारण अनेकदा एवढेच असते की रात्रीतून डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरते. एखादे वॉशर बदलून आणि हवा काढून जे काम होते, त्यासाठी पंप उतरवून घेणारे मिस्त्री भेटतात. त्यांना शांतपणे नाही म्हणावे.

घाटात गाडी तापते, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा बोअरवेलच्या पाण्यात असते. क्षारांचे पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिले की आतल्या नळ्यांत थर साचतो. त्यावर उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत गावोगाव पडली आहे. ती चूक आहे. तो काढला की इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त पिते आणि लायनर लवकर झिजतो. कूलंट महाग वाटते, पण हेडच्या कामापेक्षा ते खूपच स्वस्त पडते.

डिझेलही बदलले. 2010 साली देशभर लागू झालेल्या बीएस-3 या प्रदूषण मानकात दहा लाख भागांत 350 भाग गंधक चालत होते. एप्रिल 2020 पासून फक्त 10. गंधक काढताना डिझेलचा वंगणाचा गुणही कमी होतो, म्हणून शुद्धीकरण कारखान्यात त्यात पूरक द्रव्य मिसळतात. पंप गेला की नव्या डिझेलला दोष देण्याआधी फिल्टरच्या तळाचे पाणी शेवटचे कधी काढले होते ते आठवावे. स्वस्त फिल्टरने मारलेले पंप माझ्या मते जास्त आहेत.

आता सुट्या भागांचे. फिल्टर, क्लच प्लेट, क्रॉस, पाटे आळेफाटा-नारायणगावात मिळून जातात. तिथे नाही मिळाले तर पुण्याची नाना पेठ. त्याहून दुर्मिळ वस्तूसाठी बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. नोझलसाठी लोक अजून ‘मायको’च मागतात, कंपनीचे नाव 2008 पासून बॉश असले तरी. तिचा नाशिकचा कारखाना याच कामासाठी ओळखला जातो. जाताना जुना भाग सोबत न्यावा. पंपाच्या पट्टीवरचा आणि नोझलवर कोरलेला क्रमांक फोटोत घ्यावा. भंगारातून गिअरबॉक्सची केसिंग, दरवाजा, डायनामोची बॉडी घ्यायला हरकत नाही. ब्रेकचे सिलिंडर, टाय रॉड, स्टिअरिंगचे जोड मात्र जुने कधीच घेऊ नयेत. माळशेज उतरताना पाठीमागे टनभर माल असतो.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. 2021 चे वाहन मोडीत धोरण जुन्या गाड्यांवर आणखी बोजा टाकते. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावरून कायमची जावी, याबद्दल दुमत नाही. पण गाडी जाण्याचे कारण तिची प्रकृती असावी, भाग मिळत नाही हे नसावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेती अवजारे आणि मोटारगाड्या दोन्ही आहेत. या हक्काला आळेफाट्याच्या गॅरेजात अर्थ यायचा असेल, तर कंपन्यांनी बंद झालेल्या प्रत्येक मॉडेलची भागसूची, क्रमांक आणि कोणता भाग कुठल्या इंजिनाला चालतो याचा तक्ता मराठीत खुला करावा. ही मागणी शेतकऱ्यांच्या संघटनांनी आणि बाजार समित्यांनी लावून धरली पाहिजे.

तोवर वाचकाने स्वतःपुरते एक करावे. गाडीच्या कागदांबरोबर एक वही ठेवावी. तिच्यात इंजिनाचे नाव, पंप आणि नोझलचे क्रमांक, आणि कोणता भाग कोणत्या तारखेला बदलला हे लिहावे. गाडी विकताना ती वही घेणाऱ्याच्या हातात द्यावी.