हिब्रू व ग्रीक बायबलातील समधातुक द्विरुक्ती

एकाच धातूची दोन रूपे लागोपाठ योजून विधानास जोर देण्याची रीती बायबलच्या हिब्रू भाषेत रूढ आहे. उत्पत्ती २:१७ मधील ‘मोत तामूत’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. ‘तामूत’ हे द्वितीयपुरुषी क्रियापद असून ‘मोत’ हे त्याच धातूचे, लिंगवचनपुरुषांचा विकार न होणारे धातुसाधित आहे. येथे जोर मरणाच्या तीव्रतेवर आहे, की विधानाच्या निश्चितीवर, हा खरा प्रश्न आहे.

प्रयोग पाहता दुसरा पक्ष स्वीकारणे प्राप्त होते. निर्गम २१:१२ या दंडविधानातील ‘मोत यूमात’ने देहान्ताची अटळता सांगितली आहे, यातना नव्हे. उत्पत्ती ३७:८ मध्ये योसेफाचे भाऊ हीच रचना प्रश्नात योजतात; तेथे ती ‘खरोखरच काय?’ असा उपहास व्यक्त करते. नकाराचे स्थानही बोलके आहे. तो सामान्यतः दोन रूपांच्या मध्ये येतो (निर्गम ५:२३). परंतु उत्पत्ती ३:४ मध्ये सर्प तो जोडीच्या आधी ठेवतो, म्हणजे पूर्वीचे निश्चयात्मक विधानच समग्र नाकारतो. धातुसाधित क्रियापदामागून आल्यास मात्र बहुधा सातत्य सूचित होते (यशया ६:९).

संस्कृताच्या अभ्यासकास येथे ‘समूलघातं हन्ति’ यासारखे णमुलन्त प्रयोग आठवतील. साम्य रूपाचे आहे, कार्याचे नाही. णमुलन्त क्रियेचा प्रकार सांगते, हिब्रू धातुसाधित वक्त्याचा निश्चय.

इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून सिद्ध झालेल्या सेप्तुआजिंत या ग्रीक भाषांतरापुढे अडचण अशी की, ग्रीकमध्ये या रूपाचा प्रतियोगी नाही. भाषांतरकारांनी दोन उपाय योजले. एक, समधातुक नामाची चतुर्थी, कारण लुप्त तृतीयेचे कार्य ग्रीकमध्ये तिच्याकडे आले होते : ‘थानातो आपोथानेइस्थे’. दुसरा, कृदन्त व क्रियापद : ‘यूलोगोन यूलोगेसो’ (उत्पत्ती २२:१७). दोन्ही घटना ग्रीकला सर्वस्वी परक्या नव्हत्या; त्यांचे प्राचुर्य तेवढे परके होते.

नव्या करारात या दोहोंची वाट वेगळी होते. कृदन्ताचा प्रकार जुन्या करारातील अवतरणांतच आढळतो (मत्तय १३:१४, इब्री ६:१४). चतुर्थीचा प्रकार मात्र स्वतंत्र लेखनातही येतो. लूक २२:१५ मधील ‘एपिथुमिया एपेथुमेसा’ व योहान ३:२९ मधील ‘खारा खाइरेइ’ ही त्याची उदाहरणे. पहिला उसना राहिला, दुसरा लेखकांच्या भाषेत मुरला.

यावरून भाषांतरकाराने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. उत्पत्तीतील जोडीस मराठीत ‘मरशीलच’ एवढा ‘च’ पुरेसा आहे. लूकमधील जोडीत मात्र उत्कट इच्छेचा भाव आणावा लागेल. दोन्ही ठिकाणी एकच ठरीव क्रियाविशेषण घातल्यास निश्चय आणि उत्कटता यांतील भेदच पुसला जाईल.