नेवाशाची काळी : प्रतबंदी आणि पत्रिका

प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्या पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन डॉ. हसमुख सांकळिया यांनी १९५४ पासून केले, त्यांच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन वसाहत उघडकीस आली. म्हणजे त्या पांढरीभोवतालची काळी तीन सहस्र वर्षे कसली जात असली पाहिजे. इतक्या दीर्घ सेवेनंतर तिची प्रकृती कशी आहे, ही विचारपूस मात्र राज्यकर्त्यांनी केली ती आपल्या सोयीपुरतीच.

इंग्रजी अमदानीत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून जिचा आरंभ केला आणि जिची सूत्रे १८४७ च्या संयुक्त अहवालात मुक्रर झाली, त्या जमाबंदीत प्रतबंदीचा कामगार शेतात खड्डा खणून मातीची खोली, रंग व पोत पाही, नऊ प्रतींपैकी एक ठरवी, आणि उत्तम जमीन सोळा आणे धरून कनिष्ठ जमीन दोन आण्यांपर्यंत उतरवी. चुनखड, वाळू, उतार, पाण्याचा उपळा असा एकेक दोष आढळला, की जमीन एकेक प्रत खाली जाई. हेतू निव्वळ साऱ्याचा. तथापि खोली आणि निचरा हे मातीचे दोन मूलभूत गुण त्या वसुलीच्या माणसाच्या नजरेतून सुटत नसत, याचे कौतुक वाटते.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत हे दोन्ही गुण नाहीत. तीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, अशा बारा बाबी. नमुना बागायतीत अडीच हेक्टरांमागे एक, जिरायतीत दहांमागे एक. इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडावी, ठिकठिकाणची अशी माती घमेल्यात कालवून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच चालवावे. खताचा हिशेब मांडण्यास ही माती पुरते. पण मुळा कालव्याखालच्या उसाच्या रानात मूळ जिथे गुदमरते, तो थर वितीच्या खाली असतो. बसू आणि सिरूर यांनी नीरा उजव्या व प्रवरा कालव्यांवरील जमिनींचा जो अभ्यास १९३८ साली प्रसिद्ध केला, त्यात मातीचे खालचे थरही तपासूनच वर्गवारी केली होती. भारी काळीत निचरा नसता पाणी मोजल्याविना सोडले, की पाण्याची पातळी वर येते, क्षार पृष्ठभागी साचतात आणि जमीन खारवट होते. पुढे सोडियम वाढला की ती चोपण बनते, आणि त्या अवस्थेत युरियाची आणखी एक गोणी हा उपाय नव्हे.

दुसरी उणीव तुलनेची. ‘कमी’, ‘मध्यम’, ‘भरपूर’ हे शेरे सरसकट कोष्टकावरून पडतात. नेवाशाच्या उन्हात, चुनखडीयुक्त काळीत, कर्ब किती टिकू शकतो, याचे उत्तर नेवाशातच शोधावे लागते. नमुना बांधालगत किंवा झाडाखाली घेऊ नये, हा नियम खताच्या शिफारशीपुरता योग्यच. परंतु तुलनेसाठी, जिला वर्षानुवर्षे नांगर लागलेला नाही अशी त्याच जातीची गवताळ पट्टी मुद्दाम निवडावी. तिथले आणि रानातले वाळलेले ढेकूळ दोन ग्लासांतल्या पाण्यात सोडून कोणते आधी विरघळते ते पाहावे. या परीक्षेस प्रयोगशाळा लागत नाही आणि फीही नाही.

शेतकरी बंधूंना विनंती एवढीच, की जुनी पत्रिका फेकू नये. सातबाऱ्याबरोबर ती दप्तरात ठेवावी, आणि पुढचा नमुना त्याच गटातून, त्याच खोलीचा, त्याच महिन्यात काढावा.